कान थांबले की आपण थांबायचं

तिलारीच्या खोऱ्यात माझी मोठी बहीण राहते. दोडामार्ग तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला, दुल्हेभाईंची केळी-सुपारीची बाग आहे. थोडे माड आहेत आणि वरच्या अंगाला काजू. आपाचं लग्न झालं तेव्हा त्या भागात हत्ती नव्हते. माकडं, डुकरं आणि गवे यांचीच तक्रार असायची. 2002 साली कर्नाटकातल्या जंगलातून हत्ती खाली उतरले. सुरुवातीला लोक लांबून लांबून त्यांना बघायला येत. चार दिवसांचे पाहुणे आहेत, जातील, असं सगळे म्हणत. नंतर काही हत्ती पुढे कुडाळकडच्या माणगाव खोऱ्यात गेले, काही पकडले गेले, काही मेले, पण तिलारीतला त्यांचा वावर काही संपला नाही. आता आपाच्या गावातलं लहान पोरही लीद बघून सांगतं, हत्ती काल गेला की आज.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मुलीला घेऊन मी आपाकडे गेले होते. एका रात्री इशाची नमाज होऊन जेवणं आटोपली आणि कुत्री भुंकायला लागली. खालच्या केळीत हत्ती आला होता. एकटाच, सुळेवाला. माझा भाचा अकरावीत आहे. तो मोबाइल घेऊन अंगणाच्या कडेला, न्हाणीच्या भिंतीजवळ गेला आणि त्याला परत बोलावण्याऐवजी मीही त्याच्या मागे गेले. चांदणं होतं. हत्ती केळ मोडून आतला गाभा खात होता. शेपूट हलत होती, कान सुपासारखे पुढे-मागे होत होते. भाच्याने मोबाइलची बत्ती लावली. हत्तीचं खाणं थांबलं. शेपूट थांबली. कान अंगापासून सुटून थोडे पसरले आणि तसेच राहिले. सोंडेचं टोक आमच्या दिशेने वळलं.

"बघ खाला, कसा गप्प उभा राहिला. शांत आहे एकदम," भाचा म्हणाला.

"हो रे, गरीब दिसतो," मी म्हणाले.

तेवढ्यात दुल्हेभाईंनी मागून येऊन त्याची कॉलर धरली, मोबाइल हिसकावून बत्ती बंद केली आणि आम्हा दोघांना अक्षरशः ढकलत घरात नेलं. दार लावलं न लावलं तोच बाहेर धाडकन आवाज झाला. सकाळी पाहिलं तर न्हाणीची भिंत आडवी पडली होती. आम्ही जिथे उभे होतो, तिथलीच.

दुल्हेभाई भाच्याला काही बोलले नाहीत. चहा पिताना मला म्हणाले, "तू तर मास्तरीण ना? गडबड करणारं पोर वर्गात अचानक गप्प झालं, तर तुला काय वाटतं? ते शांत झालं असं वाटतं?"

मी निरुत्तर झाले. वीस वर्षं मी उर्दू हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. बीएडला आम्हाला मुलांची देहबोली ओळखायला शिकवलं होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर एवढा मोठा जीव सगळ्या अंगाने काहीतरी सांगत होता, तर मी त्याचा अर्थ नेमका उलटा लावला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ते पोर आणखी दोन पावलं पुढे गेलं असतं तर? ही गोष्ट मनातून जाईना. दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं असा विषय घरात निघाला तेव्हा मी म्हणाले, "दुबारेला जाऊ. हत्तींबरोबर राहणाऱ्या माणसांना विचारू. भाच्यालाही घेऊ."

रत्नागिरीहून रात्री मत्स्यगंधा एक्स्प्रेस पकडली, सकाळी मंगळूर. तिथून एसटीसारख्याच सरकारी बसने घाट चढून मडिकेरी. कोडगू जिल्ह्याचं हे मुख्य ठिकाण. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉफीचे मळे, उंच झाडांच्या सावलीत वाढलेले, आणि त्या झाडांवर चढलेले मिरीचे वेल. आमच्या मंडळींना हवा फार आवडली. दुसऱ्या दिवशी पहाटे कुशालनगरच्या बाजूने दुबारेला गेलो. हे कर्नाटक वनविभागाचं हत्तींचं शिबिर कावेरीच्या काठावर आहे. अलीकडच्या काठाला उतरायचं आणि होडीने पलीकडे जायचं. म्हैसूरच्या दसऱ्याच्या मिरवणुकीत चालणाऱ्या हत्तींपैकी काही इथलेच. शिबिरातले काही हत्ती, शेतात शिरू लागले म्हणून पकडून आणलेले. म्हणजे कधीकाळी त्यांच्यामुळेही कोणाच्या तरी घरात आपासारखी जागरणं झाली असणार.

सकाळी हत्तींना नदीत आंघोळ घालतात. पाण्यात कुशीवर आडवे झालेले हत्ती, सोंडेचं टोक तेवढं वर, आणि पाठीवर उभे राहून घासणारे माहूत. इथले बरेच माहूत जेनू कुरुबा या आदिवासी समाजाचे. जेनू म्हणजे मध. पिढ्यान् पिढ्या जंगलात मध गोळा करणारे हे लोक. एक वयस्क माहूत हत्तीला पाण्याबाहेर काढून उभा होता. त्याला कन्नड येत होती, मला नाही. पण मोडकी दख्खनी त्यालाही येत होती, त्यामुळे आमचं जमलं. मी मे महिन्यातली हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, मुँह नक्को देखो. कान देखो."

मग त्याने आम्हाला त्याच्या हत्तीजवळ, पण दहा-बारा पावलं लांब उभं केलं आणि बघत राहायला सांगितलं. हत्ती अंग सुकवत उभा होता. कान संथ लयीत पुढे-मागे होत होते. फट, फट. माहूत म्हणाला, हा खुशीत आहे. कान चालू म्हणजे काम चालू.

याचं कारण मी नंतर वाचलं. हत्तीच्या कानाची कातडी पातळ असते आणि तिच्या मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. कान हलले की त्या रक्ताला वारा लागतो आणि थंड झालेलं रक्त अंगात परत जातं. एवढ्या मोठ्या देहाची उष्णता बाहेर टाकायचा हा एक मार्ग. म्हणून निवांत हत्ती आपला पंखा चालू ठेवतो. पण एखादा आवाज नीट ऐकायचा असेल तर पंखा बंद करावा लागतो. आपणसुद्धा दारावर काही वाजलं असं वाटलं की आधी टीव्हीचा आवाज कमी करतो. कान थांबले, थोडे पसरले, अंग जागच्या जागी थिजलं, सोंडेचं टोक वास घ्यायला वळलं, म्हणजे हत्ती तुमची चौकशी करतो आहे. पुढे काय करायचं ते त्याचं अजून ठरायचं आहे. मे महिन्यात मी ज्याला शांतता समजले, ती ही चौकशी होती.

तेवढ्यात मागून काही पोरं ओरडत आली आणि आम्हाला ते प्रत्यक्षच दिसलं. हत्तीचे कान क्षणभर थांबले. माहुताने पाठ फिरवलेली होती, तरी तो लगेच वळला. त्याने एक शब्द उच्चारला, हत्तीच्या गळ्याला हात लावला, आणि कान पुन्हा हलू लागले. "तुमको कैसे समझा?" मी विचारलं. आवाज थांबला म्हणून, असं त्याने खुणेने सांगितलं. फट-फट बंद झालं म्हणून. माहूत हत्तीच्या मानेवर बसतो तेव्हा त्याचे पाय हत्तीच्या दोन्ही कानांमागे असतात. पायाच्या बोटांनी दाबून तो हत्तीला इशारे देतो, आणि कान काय करताहेत ते त्याच बोटांना कळतं. आम्ही हत्तीला समोरून बघतो. तो त्याला पायांनी वाचतो.

हत्तींच्या या बोलीवर जगात सर्वांत दीर्घ काम झालं ते केनियातल्या अंबोसेलीत. सिंथिया मॉस यांनी 1972 साली तिथे हत्तींचा अभ्यास सुरू केला. काही वर्षांनी जॉयस पूल ही तरुणी त्यांना येऊन मिळाली आणि पुढचं सगळं आयुष्य तिने हत्तींचे आवाज आणि हावभाव टिपण्यात घालवलं. एकेक हालचाल नोंदवून, तिचा प्रसंग लिहून, तिने आणि पेटर ग्रानली यांनी हत्तींच्या वागणुकीचा एक मोठा कोशच तयार केला. तो 2021 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. अंबोसेलीचे हत्ती आफ्रिकन, त्यांचे कान पार खांद्यापर्यंत पसरणारे. आपल्या आशियाई हत्तीचे कान त्या मानाने लहान, आणि वय वाढत जातं तशी वरची कड पुढे दुमडत जाते. त्यामुळे तिकडचं सगळं इकडे जसंच्या तसं लावता येत नाही. पण ढोबळ व्याकरण ओळखीचं वाटतं.

डोकं उंच करून, कान दोन्ही बाजूंना पूर्ण उघडून हत्ती समोर उभा राहिला, तर तो म्हणतो आहे, मी केवढा आहे ते बघ. डोक्याला जोरात झटका दिला, कान मानेवर आपटून धूळ उडाली, तर तो वैतागला आहे. एक पाय उचलून नुसताच पुढे-मागे झुलवणं, सोंडेचं टोक उगाच पिळत राहणं, स्वतःच्याच तोंडाला हात लावावा तशी सोंड लावणं, हे द्विधा मन:स्थितीचं लक्षण. जावं की थांबावं हे त्याला कळत नसतं. तोंडी परीक्षेला उभं राहिलेलं मूल ओढणीचं टोक पिळतं, तसंच हे. मादक काळात, म्हणजे मस्तीत आलेल्या नराच्या कानशिलाजवळच्या ग्रंथीतून स्राव वाहतो. आफ्रिकेतले असे नर कान एका विशिष्ट प्रकारे हलवतात. त्यामुळे तो वास दूरवर पसरत असावा, असं अभ्यासकांना वाटतं.

कान फक्त धमकीसाठी नसतात, हे मला विशेष आवडलं. बरेच तास दूर राहिलेल्या माद्या भेटतात तेव्हा कान उचलून भराभर फडफडवतात, सोंडा एकमेकींत गुंफतात, घशातून घुमल्यासारखा आवाज काढतात. ईदच्या दिवशी माहेरी जमलेल्या बहिणींसारखाच गलका. 2024 साली झिंबाब्वेतल्या माणसाळलेल्या हत्तींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की भेटीच्या वेळी कान फडफडवणं आणि घुमणं ही जोडी फार वेळा एकत्र येते. शिवाय समोरचा हत्ती आपल्याकडे बघत असेल तर हत्ती डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा जास्त करतो, बघत नसेल तर स्पर्शावर आणि आवाजावर भर देतो. म्हणजे ऐकणाऱ्याचं लक्ष आहे की नाही हे पाहून तो बोलतो. वर्गात आम्हा शिक्षकांनाही हे दर वेळी जमतंच असं नाही.

आशियाई हत्तींबद्दलचं एक काम थायलंडमधलं आहे. जोशुआ प्लॉटनिक आणि फ्रान्स डी वाल यांनी ते 2014 मध्ये मांडलं. एखादा हत्ती घाबरला की त्याचे कान पुढे येतात, शेपूट ताठ होते. आणि जवळचा दुसरा हत्ती ते पाहून स्वतःही तसाच होतो, मग त्याच्याजवळ जाऊन सोंडेने त्याच्या तोंडाला, डोक्याला स्पर्श करतो. जणू विचारपूस करतो. काही बोलणं तर आपल्याला ऐकूच येत नाही. 1984 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात केटी पेन यांना हत्तींच्या पिंजऱ्याजवळ हवेत धडधड जाणवली, पण आवाज काही नव्हता. शोध घेतल्यावर कळलं की हत्ती आपल्या कानांना ऐकू येत नाही इतक्या खालच्या सुरात एकमेकांशी बोलत होते. त्या सुराचा आपल्याला पत्ता लागत नाही. कान मात्र डोळ्यांना दिसतात. निदान तेवढं तरी आपण वाचावं.

दुबारेहून परतताना बसमध्ये मला लहानपणी पाहिलेली एक सर्कस आठवली. तंबूच्या मागे साखळीने बांधलेला एक हत्ती तासन् तास डावीकडे-उजवीकडे डोलत होता. हत्ती नाचतोय म्हणून आम्ही मुलं टाळ्या वाजवत होतो. एकाच जागी बांधून ठेवलेल्या प्राण्याचं असं डोलणं हे बहुतेकदा ताणाचं लक्षण असतं, हे मला पस्तीस वर्षांनी कळलं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे खाला, तेव्हापण तू उलटंच वाचलंस." खरं होतं.

आपल्याकडच्या जुन्या लोकांची नजर आमच्यापेक्षा चांगली होती असं वाटतं. बादशहा जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात एक बारीक गोष्ट लिहून ठेवली आहे. थंडीच्या दिवसांत हत्ती सोंडेने अंगावर पाणी उडवतात तेव्हा ते कुडकुडतात, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने हुकूम दिला की त्यांचं पाणी कोमट करून द्यावं. त्याच्या फीलखान्यात हजारो माणसं राबत असतील, पण हत्तीच्या अंगावरचा शहारा पाहिला तो बघणाऱ्याने. आणि सूरह फील तर आपल्या घराघरांत लहान मुलांना पाठ असते. सीरतच्या किताबांत त्या प्रसंगाची हकीकत येते ती अशी: अब्रहाचा महमूद नावाचा हत्ती मक्केच्या वेशीवर खाली बसला. त्याला मारलं, टोचलं, तरी उठेना. तोंड यमनकडे वळवलं की उठून चालू लागे, मक्केकडे वळवलं की पुन्हा बसे. मी ही गोष्ट इतक्या वर्षांत कितीदा सांगितली असेल. दुबारेनंतर पहिल्यांदा ध्यानात आलं की त्या हत्तीने तोंडातून एक आवाजही न काढता नाही म्हटलं होतं. अंगाने म्हटलं होतं. लष्कराला ते दिसत होतं, पण त्यांनी वाचलं नाही.

आता कोकणातल्या वाचकांसाठी चार शब्द. कान ओळखता येतात म्हणजे हत्तीच्या जवळ जायचा परवाना मिळाला, असं कृपया समजू नका. हत्ती कान पसरून, मोठ्याने ओरडत धावून येतो तेव्हा बऱ्याचदा तो फक्त घाबरवत असतो, आणि खरा हल्ला करणारा कान मागे घेऊन, सोंड आत वळवून गुपचूप येतो, असं सांगतात. पण हा फरक उभं राहून तपासायचा नसतो. ज्याचं अंग आपल्यासारखं नाही त्याची बोली आपल्याला अर्धीच कळणार, हे धरून चालावं. हत्ती दिसला की लांब राहावं, त्याच्या तोंडावर बत्ती मारू नये, फोटोसाठी पुढे जाऊ नये, मादी आणि पिल्लू यांच्या मध्ये येऊ नये, त्याची निघायची वाट अडवू नये आणि वनखात्याच्या लोकांना कळवावं. आणि चालते कान थांबले, तर आपलं बोलणं थांबवून मागे सरावं. ही शेवटची गोष्ट दुल्हेभाईंना कुठल्याही किताबाशिवाय माहीत होती. वीस वर्षं रात्री जागून त्यांनी ती कमावली होती.

जानेवारीत मी पुन्हा आपाकडे गेले. न्हाणीची भिंत नव्याने बांधली होती. रात्री सगळे पडवीत बसलो होतो, दिवे बंद करून. आता त्या घराची ही रीतच झाली आहे. आपा केळीच्या पंचनाम्याचं बोलत होती. भरपाई केळीची मिळते, झोपेची कोण देणार, असं दुल्हेभाई म्हणाले आणि सगळे हसले. मग खालच्या बाजूने आवाज आला. काळोखात काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं. फट. फट. फट. ओल्या चादरी झटकाव्यात तसं. मध्येच केळ मोडल्याचा आवाज.

कोणी उठलं नाही. कोणी मोबाइल काढला नाही. माझी मुलगी माझ्याजवळ सरकली. आम्ही कुजबुजत बोलत राहिलो. थोड्या वेळाने मुलीला कशावरून तरी हसू फुटलं, जरा मोठ्याने.

फट-फट थांबलं.

मला ते समजायला एक क्षण लागला. भाच्याला नाही लागला. त्याने हात वर केला, आणि आम्ही सगळे एका शब्दाशिवाय उठून आत गेलो. त्याने सर्वांत शेवटी येऊन दार हळूच ओढून घेतलं. आम्ही आत अंधारात उभे होतो. आपाचे ओठ हलत होते, ती दुआ पढत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग बाहेरून पुन्हा आवाज सुरू झाला. फट. फट.

"खातोय," दुल्हेभाई म्हणाले आणि त्यांनी सुस्कारा सोडला. त्यात सुटकाही होती आणि केळीचं दुःखही होतं.

सकाळी चौदा केळी गेलेली होती. भिंत उभी होती.